तिसरी किल्ली

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात, गर्भागाराला लागून असलेल्या काळोख्या खोलीत, एक जुनी शिसवी पेटी आहे. तिला तीन कुलपे आहेत. लहानपणी मला त्या पेटीत काय असेल याचे कुतूहल कधीच वाटले नाही. उत्सवमूर्तीचे दागिने तिच्यात असतात, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होते. मला कुतूहल होते ते त्या तीन कुलपांचे. घरच्या कपाटाला एक कुलूप पुरते, बाजारातल्या दुकानाला फार तर दोन लागतात. मग प्रत्यक्ष देवाच्या घरात तीन कुलपे कशाला?

जत्रेच्या आदल्या दिवशी ती पेटी उघडली जाई. अध्यक्ष, खजिनदार आणि मुखत्यार असे देवस्थान समितीचे तिघे पदाधिकारी स्नान करून, सोवळे नेसून येत आणि आपापली किल्ली आपल्याच हाताने आपापल्या कुलपाला लावीत. माझे आजोबा त्या वेळी मुखत्यार होते. म्हणजे देवस्थानचे दावे, करारमदार आणि कोर्टकचेऱ्या त्यांच्याकडे असत. त्यांची किल्ली तिसरी. एके वर्षी आजोबा ऐन जत्रेत तापाने फणफणले. खजिनदार किल्ली न्यावयास घरी आले. आजोबांनी किल्ली दिली नाही. घोंगडी पांघरून, माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात टाकून ते स्वतः देवळात गेले. परत आल्यावर मी त्यांना विचारले, "आजोबा, खजिनदारांवर तुमचा विश्वास नाही का?"

"पूर्ण आहे," आजोबा म्हणाले. "तो तसाच राहावा म्हणून तर मी गेलो."

हे उत्तर त्या वयात मला उमगले नाही. ते उमगावयास पस्तीस वर्षे जावी लागली आणि देवस्थानला २,४०,००० रुपयांची किंमत मोजावी लागली. ती हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगताना मला अशा एका शास्त्राच्या अंगणात पाऊल टाकावे लागणार आहे, की ज्याच्याशी माझ्यासारख्या दिवाणी वकिलाचा वस्तुतः काडीचाही संबंध नाही. जाणत्या वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

चार वर्षांपूर्वी मुखत्यारपद माझ्याकडे आले. दागिन्यांची पेटी होती तिथेच होती; पण देवस्थानचा पैसा आता पेटीत नव्हता, तो बँकेत होता, आणि बँकेतून तो काढावयाचा म्हणजे खजिनदारांनी धनादेश लिहावयाचा, अध्यक्षांच्या घरी सहीसाठी जावयाचे, मग माझ्या घरी यावयाचे, असा सारा द्राविडी प्राणायाम होता. आमचे खजिनदार नाना पंच्याहत्तरीच्या घरातले, निवृत्त शाळामास्तर. त्यांची पायपीट मला पाहवेना. समितीच्या पहिल्याच बैठकीत मी ठराव मांडला, की देवस्थानने नेट बँकिंग घ्यावे. ठराव एकमताने मंजूर झाला. नव्या युगाचा मुखत्यार म्हणून माझी थोडी वाहवाही झाली.

बँकेने आम्हांला दोन किल्ल्या दिल्या. एकीने रकमेची मागणी नोंदवावयाची, ती नानांकडे. दुसरीने ती तपासून मंजूर करावयाची, ती माझ्याकडे. पहिले दोन महिने मी माझे काम इमानेइतबारे केले. पण मी कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेत असावे आणि खिशातला फोन थरथरावा, असे वारंवार होऊ लागले. फुलांचे बिल, तेलाचे बिल, मांडववाल्याचे बिल! अखेर एका संध्याकाळी मी माझा पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून नानांच्या हाती ठेवला, आणि मंजुरीसाठी येणारा ओटीपीही त्यांच्याच घरच्या दुसऱ्या फोनवर जाईल अशी व्यवस्था बँकेत अर्ज देऊन करून घेतली.

नाना कचरले. "वकीलबाब, हे बरे दिसते का?" असे त्यांनी विचारलेही. मी हसून म्हटले, "नाना, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

गेल्या वर्षी पालखीसाठी चांदीची नवी प्रभावळ करावयास दिली होती. कारागीर दूरच्या गावचे. बोलणे ई-मेलवर चाले, कारण त्यांचा मुलगा हिशोब सांभाळी. पहिला हप्ता पोचला होता. दुसऱ्या हप्त्याच्या सुमारास ई-मेल आली: आमचे जुने खाते काही कारणाने बंद आहे, दुसरा हप्ता कृपया पुढील खात्यात भरावा. भाषा तीच, नमस्कार तोच, रक्कम अचूक, पाठवणाऱ्याचा पत्ताही तोच. नानांनी पहिल्या किल्लीने रक्कम नोंदवली, आणि दुसऱ्या किल्लीने मंजूर केली. नवव्या दिवशी कारागिराचा फोन आला: "नाना, हप्ता अजून आला नाही." आम्ही १९३० या क्रमांकावर कळवले, पोलिसांत तक्रार नोंदवली, पण अशा प्रकरणात पहिले काही तासच मोलाचे असतात. नऊ दिवसांत तो पैसा किती खात्यांतून पळाला असेल कोण जाणे.

समितीची बैठक झाली. कोणी म्हणाले, खजिनदारांनी पदरचे भरावे. कोणी म्हणाले, राजीनामा घ्यावा. एका वृद्ध महाजनांनी सुचवले, की देवाला प्रसाद लावून चोर कोण ते विचारावे. नाना खांबाला टेकून बसले होते. हिशोबाच्या वहीत अकरा रुपयांचा फरक सापडेना म्हणून ज्यांना एकदा तीन रात्री झोप लागली नव्हती, ते नाना. शेवटी ठरले ते असे, की खजिनदारांच्या हातून हलगर्जी झाली किंवा काय, याविषयी मुखत्यारांनी महाजनांच्या सभेपुढे लेखी अभिप्राय ठेवावा. मी "ठेवतो" म्हणालो. दुसरी किल्ली कुणाकडे होती, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. नाना बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

त्याच सुमारास चवथीला माझा भाचा घरी आला. तो बंगळुरास संगणकांच्या जाळ्याच्या सुरक्षिततेवर संशोधन करतो. हा विषय आजवर मला फारसा आकर्षक वाटला नव्हता, या वेळी मात्र आरती आटोपताच मी त्याला ओसरीवर गाठले, सारी हकीकत सांगितली (चिठोऱ्याचा भाग वगळून) आणि विचारले, "तुझ्या शास्त्राप्रमाणे यात दोष कुणाचा?"

तो हसला. म्हणाला, "मामा, तुम्ही पंधरा दिवसांत ज्याचा निकाल लिहून देणार आहात, तो प्रश्न आमच्याकडे चाळीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे."

मला वाटले होते, की हे शास्त्र म्हणजे पक्क्या नियमांचे असणार. गणितासारखे, दोन अधिक दोन चार. भाच्याने त्या रात्री माझा हा समज पार मोडून काढला. आमच्या कोर्टात रोज सकाळी बोर्ड लागतो. त्यावर प्रलंबित दाव्यांची यादी असते. या शास्त्राचाही असा एक बोर्ड आहे आणि त्यावरचे थोरले दावे वर्षानुवर्षे निघालेले नाहीत. साऱ्या जगाचे देणेघेणे मात्र त्या अनिर्णित दाव्यांच्या भरवशावर चालले आहे. भाच्याने सांगितलेल्यांपैकी चार दावे मला माझ्या अभिप्रायासाठी महत्त्वाचे वाटले. ते माझ्या समजुतीप्रमाणे येथे देतो.

पहिला दावा: पत्र पाठवणारा तोच कशावरून? १९८२ साली अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे कशी न्यावी याचे नियम लिहिले. पाठवणाऱ्याने आपले नाव सांगावयाचे आणि घेणाऱ्याने ते मानावयाचे, इतके ते सरळ होते. त्या काळी जाळे लहान होते. विद्यापीठे, संशोधनसंस्था, लष्करी कचेऱ्या, सारी परस्परांच्या ओळखीची मंडळी. ओळखीच्या घरात शिरताना कोण दाखला मागतो? पुढे साऱ्या जगाची वस्ती त्या घरात झाली, आणि दाखला मागण्याची सोय भिंतीला मागाहून खुंट्या ठोकाव्यात तशी एकेक करून ठोकावी लागली. आज पत्रावर ते ज्या घरातून निघाले त्या घराची मोहोर असते आणि ती पुष्कळ अंशी तपासता येते.

"मग आमच्या पत्राची मोहोर खोटी होती?" मी विचारले.

"नसावी," भाचा म्हणाला. "त्या मुलाचा पासवर्ड आधीच कुणीतरी चोरला असणार. पत्र त्याच घरातून निघाले. फक्त लिहिणारा घरचा नव्हता."

घराची साक्ष काढता येते, माणसाची काढता येत नाही. बरे, प्रत्येक माणसाची पक्की साक्ष काढणारी व्यवस्था उभारली, तर कोण कुणाशी काय बोलतो याची वही कुणाच्या तरी हाती जाते, आणि ज्याच्या हाती ती जाईल तो चोराहून भला असेलच असे नाही. ओळख पटावी आणि खाजगीपणाही राहावा, हे दोन्ही एकदम कसे साधावे? दावा प्रलंबित.

दुसरा दावा: कुलूप मजबूत आहे, याचा पुरावा काय? हा ऐकून मी खरोखरच चकित झालो. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी एक कुलूप शोधून काढले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण, ही त्यातली मेख. त्याच वर्षी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १२९ अंकांची एक संख्या जाहीर केली; ती फोडणारास १०० डॉलरचे बक्षीस होते. त्या काळच्या रीतींनी ती फोडावयास चारावर सोळा शून्ये इतकी वर्षे लागतील, असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. ती १९९४ साली, सतराव्या वर्षी, फुटली; नवी रीत निघाली आणि सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापली यंत्रे कामाला जुंपली. त्याच वर्षी पीटर शोर यांनी दाखवून दिले, की क्वांटम संगणक नावाचे नवे यंत्र पुरेशा आकाराचे बनले, तर या जातीची मोठी कुलपेही उघडतील.

"पण हे कुलूप फोडणे कठीणच आहे, हे गणिताने सिद्ध केलेले असेल ना?" मी विचारले.

"नाही, मामा. सोपी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही, एवढेच सिद्ध आहे."

हा युक्तिवाद मी जन्मभर ऐकत आलो आहे! आमच्या कायद्यात याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी उघडपणे वहिवाट केली, आणि बारा वर्षे मूळ मालकाने दावा लावला नाही, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे वहिवाटदार मालक होऊन बसतो. कागद दाखवता येत नाही, पण हरकत कुणी घेतली नाही, हाच त्याचा आधार. जगातली थोर थोर कुलपे अशाच वहिवाटीवर उभी आहेत. फरक इतकाच, की येथे मुदत कधीच भरत नाही. क्वांटम यंत्रालाही दाद देऊ नये म्हणून ज्या नव्या कुलपांची अमेरिकेत परीक्षा चालू होती, त्यांपैकी 'साइक' नावाच्या कुलपाची मूळ कल्पना २०११ सालची. अकरा वर्षे तिला कोणी धक्का लावला नाही. २०२२ साली बेल्जियममधील कास्ट्रिक आणि डेक्रू या दोन गणित्यांनी १९९७ सालचे एक विस्मृतीत पडलेले प्रमेय काढून ते कुलूप फोडले, आणि तेही साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर, सुमारे एका तासात. बारा वर्षे भरावयास एकच वर्ष कमी होते! २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने दुसऱ्या तीन रीती प्रमाण म्हणून जाहीर केल्या. त्याही टिकतील अशी साऱ्यांची अटकळ आहे. सिद्धता मात्र कुणाजवळ नाही.

तिसरा दावा ऐकताना मला नाना आठवले. तो असा: विश्वासू सेवेकरी विश्वासूच आहे, हे कसे ठरवावे? जगभरचे असंख्य संगणक ज्या प्रणालींवर चालतात त्यांच्या पोटात लहान लहान घटक असतात. पुष्कळदा ते कोणी एकटा माणूस आपल्या फावल्या वेळात, वेतनाविना सांभाळत असतो. 'एक्सझेड' नावाचा असाच एक घटक होता. त्याचा सांभाळ करणारा थकला होता. २०२१ च्या अखेरीस 'जिया तान' असे नाव सांगणारा एक मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने निमूट, नीटनेटकी सेवा केली. "त्यालाच पूर्ण अधिकार द्या," असा तगादा इतर काही नावांनी लावला. ती नावेही बहुधा बनावटच होती. अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने त्या घटकात एक चोरदरवाजा बसवला. तो साऱ्या जगात पसरण्यापूर्वीच आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले, की आपल्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. हे गृहस्थ त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी तो चोरदरवाजा उघडकीस आणला. अकरा रुपयांचा फरक सापडेना म्हणून जागणारा आमचा खजिनदार आणि हा अभियंता यांची जात एकच, असे मला वाटून गेले. पण अशा माणसांच्या जागरणावर जगाची सुरक्षितता सोपवावी, हे काही शास्त्र नव्हे. दोन वर्षे प्रामाणिक वागलेला माणूस तिसऱ्या वर्षी काय करील, हे आगाऊ ओळखण्याची रीत अद्याप निघालेली नाही.

चौथा दावा खास आमच्या धंद्यातला: चोर कोण, आणि त्याचा हेतू काय? २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने जाळ्यात एक स्वयंचलित कार्यक्रम सोडला. आपल्याकडे संशय येऊ नये म्हणून तो त्याने दुसऱ्याच संस्थेच्या, एमआयटीच्या, यंत्रावरून सोडला. तो एका यंत्रातून दुसऱ्यात पसरत गेला आणि त्याने हजारो यंत्रे ठप्प केली. आपल्याला नासधूस करावयाची नव्हती, असा त्याचा बचाव होता. १९९१ साली अपील कोर्टाने निकाल दिला, की परवानगीविना शिरण्याचा हेतू सिद्ध झाला की पुरे, नुकसान करण्याचा हेतू वेगळा सिद्ध करावयास नको. त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. हा माणूस सापडला तरी. जिया तान कोण होता, एक की अनेक, कोणत्या देशाचा, हे आजवर उघड झालेले नाही. बाणावर धनुर्धराचे नाव कोरलेले नसते, आणि असलेच तर ते दुसऱ्याचेही असू शकते. त्या वृद्ध महाजनांनी प्रसाद लावावा असे सुचवले तेव्हा काही तरुण हसले होते. भाचा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मामा, आमच्याही हाती पुष्कळदा अनुमानापलीकडे काही नसते."

रात्र बरीच झाली होती. मी थोडा वैतागूनच विचारले, "म्हणजे तुमच्याकडे कशालाच कुलूप नाही? मग हे जाळे चालले आहे तरी कसे?"

तेव्हा त्याने मला जी गोष्ट सांगितली, तिने माझी झोप उडवली. जमिनीच्या बाबतीत आपल्या गोव्यात जसा एक-चौदाचा उतारा, तशी जाळ्यावर एक थोरली नोंदवही आहे. कोणत्या नावाचा खरा पत्ता कोणता, हे ती सांगते. तीत कोणी खोटी नोंद घुसडली, तर माणूस बँकेचे नाव टाकून चोराच्या दारी पोचेल. म्हणून २०१० सालापासून त्या नोंदवहीच्या मुळाला गणिती मोहोर करतात. त्या मोहोरेची किल्ली अमेरिकेत दोन ठिकाणी, व्हर्जिनियातील कल्पेपर येथे आणि कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो येथे, जपून ठेवलेली आहे. वर्षातून चार वेळा ती बाहेर काढतात. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी सात विश्वस्त नेमलेले आहेत. ते निरनिराळ्या देशांचे आहेत, आणि त्यांपैकी निदान तिघे आपापली किल्ली घेऊन जातीने हजर असल्याखेरीज पुढचे काम होत नाही. तिजोरीच्या खोलीत प्रत्येक हालचाल आधी लिहिलेल्या क्रमाने, मोठ्याने सांगत, साक्षीदारांसमक्ष होते आणि जगाला थेट दाखवली जाते. त्या कार्यक्रमाला ते समारंभच म्हणतात. २०२० च्या फेब्रुवारीत एल सेगुंडोच्या तिजोरीचे कुलूपच बिघडले. जगभरातून विश्वस्त येऊन बसले आणि तिजोरी उघडेना. समारंभ काही दिवस पुढे ढकलला, कुलूपवाल्याकरवी तिजोरी फोडून घेतली. पण किल्ल्यांचा नियम कोणी मोडला नाही.

"मुळाला मोहोर आहे," भाचा म्हणाला, "पण फांद्यांवरच्या पुष्कळ नावांनी ती अजून घेतलेली नाही. खर्च ज्याने करावयाचा त्याला लाभ दिसत नाही. तोही एक न सुटलेला प्रश्नच."

पण माझे लक्ष आता त्याच्या बोलण्याकडे नव्हते. तीन किल्ल्या! जगातले शहाणे गणिती, ज्यांना सारी कुलपे आणि त्यांच्या साऱ्या उणिवा ठाऊक, ते फिरून फिरून आमच्या शिसवी पेटीपाशी आले होते. जे त्यांना सिद्ध करता येत नव्हते, त्याची भरपाई ते तीन माणसांनी जातीने हजर राहून करीत होते. त्यांच्यातला कोणी विश्वस्त समुद्र ओलांडून आपली किल्ली घेऊन जातो. माझे आजोबा अंगात ताप असताना घोंगडी पांघरून गेले. आणि मी? मला खिशातला फोन बाहेर काढण्याचाही कंटाळा आला होता.

दोन किल्ल्या एका हाती आल्या की दोन कुलपे उरत नाहीत, एकच उरते. नाना फसले, कारण फसणे माणसाच्या हातून होणारच. तसे ते झाले तर दुसऱ्या माणसाने थांबून विचारावे, "नाना, कारागिराला जुन्या नंबरावर एक फोन केलात का?" एवढ्यासाठीच दुसरी किल्ली होती. तो प्रश्न विचारणारा माणूस तेथून मीच काढून घेतला होता, आणि त्याला विश्वास असे गोंडस नाव दिले होते. आजोबांनी खजिनदारांवरचा विश्वास जपला तो त्यांना एकटे न सोडून. मी माझा विश्वास नानांच्या गळ्यात अडकवला आणि मोकळा झालो.

महाजनांची सभा अग्रशाळेत भरली. माझा अभिप्राय चार पानांचा होता. त्यात ई-मेलची जडणघडण होती, मोहोरेचा प्रश्न होता, आणि मोठमोठ्या संस्थाही अशा कपटाला बळी पडतात म्हणून एका वृद्ध खजिनदाराच्या वर्तनाला हलगर्जी म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष होता. तीन पाने झाली, तेव्हा सभेच्या माना डोलत होत्या. तेथेच थांबलो असतो, तर एक उत्तम युक्तिवाद करून मी घरी गेलो असतो. चौथ्या पानावर मी चिठोऱ्याची हकीकत लिहिली होती. ती वाचताना माझा आवाज, जो कोर्टात सहसा दगा देत नाही, दोनदा अडखळला.

कोणी काही बोलले नाही. मग ते प्रसादाची सूचना करणारे वृद्ध महाजन उठले आणि म्हणाले, "चोर कोण ते देव जाणे. पण किल्ली कुणाची ते कळले, हे बरे झाले." सभेने कुणाकडूनही वसुली न करण्याचे ठरवले. रक्कम मी भरावयाची, हे मी आधीच मनाशी ठरवले होते. नानांनी त्यात आपला वाटा घालू नये म्हणून मी त्यांच्याशी आठवडाभर वाद घातला, आणि तो खटला हरलो. पन्नास हजार त्यांनी भरलेच.

सभा संपल्यावर नाना दीपस्तंभापाशी माझी वाट पाहत उभे होते. "वकीलबाब," ते म्हणाले, "तूं कित्याक उलयलो रे? म्हजेर आसलें तें आसूं दिवपाचें." मला उत्तर सुचले नाही. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले, आणि त्यांनी ते तिथे फार वेळ राहू दिले नाही.

आता देवस्थानचा नियम साधा आहे. पैसे घेणाऱ्याच्या खात्यात काहीही बदल कळवला गेला, तर आमच्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून त्या माणसाचा आवाज ऐकावयाचा. रक्कम मोठी असेल तर कोणी एकाने समक्ष जावयाचे. आणि जिची किल्ली तिने तीच फिरवावयाची. भाचा म्हणतो, की आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल करणारी यंत्रे आली आहेत, तेव्हा फोनवरचा आवाजही पुढे पुरणार नाही. त्याचे म्हणणे खरे असणार. त्याच्या बोर्डावर आणखी एक दावा वाढला. तो निघेपर्यंत आम्ही एकमेकांच्या ओसऱ्या झिजवू.

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी माझ्या एका जुन्या दाव्यात शेवटचा युक्तिवाद होता. मी पुढची तारीख मागितली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहून कारण विचारले. बारा वर्षे चाललेला दावा, दोन्ही पक्षकार हजर, आणि वकील ठणठणीत! मी खरे तेच सांगितले: "देवळातल्या पेटीची एक किल्ली माझ्याकडे आहे, आणि पेटी आज उघडावयाची आहे." त्यांनी क्षणभर विचार केला आणि तारीख दिली.

संध्याकाळी आम्ही तिघे त्या काळोख्या खोलीत उभे राहिलो. अध्यक्षांनी पहिली किल्ली लावली. नानांनी दुसरी लावली. त्यांचा हात थोडा कापत होता, म्हणून आम्ही थांबलो. मग मी पुढे झालो.